विश्लेषण : आरतीचा फोटो दरवर्षी हललेलाच का येतो?

गणपतीच्या दिवसांत घराघरांत एक दृश्य ठरलेले असते. आरती रंगात आलेली, ट्यूबलाइट बंद करून मखराची रोषणाई लावलेली, आजीच्या हातात निरांजन आणि एका कोपऱ्यात कॅमेरा घेतलेला घरातला कोणीतरी. फोटो मात्र हललेले, काळपट किंवा फ्लॅशने पांढरेफटक पडलेले. दोष बहुतेकदा कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो आणि पुढच्या वर्षी नवा, महाग कॅमेरा घेण्याचे बेत होतात. प्रत्यक्षात दहा वर्षांपूर्वीच्या साध्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यातूनही निरांजनाच्या उजेडातला चेहरा उत्तम टिपता येतो. अडचण असते ती बहुधा त्याच्यासोबत आलेल्या लेन्सची आणि एका जुन्या भीतीची.

घरातला उजेड कॅमेऱ्याला पुरत का नाही?

माणसाचा डोळा या बाबतीत फसवा आहे. उन्हातून घरात आल्यावर क्षणभर अंधारी येते, पण थोड्याच वेळात सगळे नीट दिसू लागते, त्यामुळे दोन्हीकडच्या उजेडात फार फरक नाही असे वाटते. मोजून पाहिले तर भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात तो जेमतेम १०० ते २०० लक्स भरतो. म्हणजे पाचशे ते हजार पट कमी. ट्यूब मालवून समया आणि निरांजने ठेवली, की तो आणखी कितीतरी घटतो.

कॅमेऱ्याला ही तफावत भरून काढण्यासाठी तीनच मार्ग असतात. लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे करायचे. शटर जास्त वेळ उघडे ठेवायचे. किंवा आयएसओ वाढवून मिळालेला संदेश वर्धित करायचा. पहिल्या दोन मार्गांनी प्रकाश खरोखर जास्त आत येतो. तिसऱ्याने येत नाही, आहे तोच मोठा करून दाखवला जातो. हा फरक लक्षात ठेवला, तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

आता एक हिशेब. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या नेहमीच्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सने झूम करून चेहरा टिपायचा म्हटले, तर तिचे छिद्र एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ट्यूबलाइटच्या खोलीत, आयएसओ १०० वर, अशा लेन्सला साधारण अर्धा सेकंद शटर उघडे ठेवावे लागते. अर्ध्या सेकंदात टाळ्या वाजवणारा मुलगा, घंटा वाजवणारा काका आणि कॅमेरा धरलेला हात, तिघेही हलतात. आयएसओ १६०० केला, तरी शटर १/३० सेकंदाच्या आसपासच पोहोचते. तेही पुरेसे नाही.

फोटो नेमका कशाने हलतो?

‘हललेला फोटो’ हा एकच शब्द दोन वेगळ्या दोषांसाठी वापरला जातो. कॅमेरा धरणारा हात हलला, की अख्खी चौकट, म्हणजे भिंत, मखर, माणसे सगळेच फरफटल्यासारखे दिसते. समोरचा माणूस हलला, तर मखर लख्ख आणि माणूस पुसट येतो. आपला फोटो कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहायला हवे. कारण दोघांचे औषध वेगळे आहे.

हाताच्या कंपनासाठी जुना आडाखा असा, की लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितकाव्या हिश्शाचे सेकंद तरी शटर असावे. म्हणजे ५० मिलिमीटरला १/५० सेकंद. लहान सेन्सरच्या एसएलआरमध्ये हीच मर्यादा १/८० धरावी. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असेल, तर याहूनही बरेच मंद शटर हाती धरून चालते. दुकानात ही सोय ‘रात्रीच्या फोटोंसाठी’ म्हणून दाखवली जाते, आणि गल्लत होते ती इथेच. स्टॅबिलायझेशन फक्त कॅमेऱ्याचा हात सावरते. समोर नाचणारे पोर ते थांबवू शकत नाही. रिकाम्या देवळाच्या सभामंडपात ते वरदान आहे, आरतीच्या गर्दीत त्याचा उपयोग मर्यादित.

माणसांसाठी शटरच वेगवान हवे. शांत उभी माणसे १/६० ला मिळतात, बोलती-हसती १/१०० ते १/१२५ ला. घरच्या आरतीसाठी १/१०० हा आकडा सर्वात सोयीचा. त्याला आणखी एक कारण आहे. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० सारख्या वेगवान शटरला कळते आणि फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, किंवा लागोपाठच्या दोन फोटोंचा उजेड वेगवेगळा निघतो. स्वस्त एलईडी माळांमध्ये हे जास्त दिसते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले, की एक-दोन लुकलुकी पूर्ण पकडल्या जातात आणि पट्टे बहुतेक नाहीसे होतात. मिररलेस कॅमेऱ्यातले आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर अशा उजेडात बंदच ठेवावे, पट्टे आणण्यात त्याचा हात पहिला.

आयएसओ वाढवल्याने फोटो खराब होतो का?

हीच ती जुनी भीती. ‘आयएसओ ४०० च्या वर नेऊ नये, दाणे येतात’ हा सल्ला फिल्मच्या काळात आणि डिजिटलच्या पहिल्या काही वर्षांत बरोबर होता. तो आजही तोंडी फिरतो आणि त्यापायी दरवर्षी असंख्य फोटो हलतात.

दाणे का येतात, हे समजायला पावसाचे उदाहरण सोपे. अंगणातल्या शहाबादी फरशीवर पहिले चार थेंब पडतात तेव्हा ती ठिपक्याठिपक्यांची दिसते; एक फरशी ओली, शेजारची कोरडी. तोच पाऊस दहा मिनिटे पडला, की सगळे अंगण सारखे भिजते. प्रकाशही असाच कणाकणाने येतो. सेन्सरच्या एका टिपक्यावर १०,००० कण पडले, तर त्यातली स्वाभाविक कमीजास्त सुमारे १०० ची, म्हणजे एक टक्का. डोळ्याला ती जाणवत नाही. पण १०० च कण पडले, तर कमीजास्त १० ची, म्हणजे दहा टक्के. तेच दाणे. थोडक्यात, दाण्यांचे मूळ प्रकाशाच्या तुटवड्यात असते. आयएसओ तो तुटवडा डोळ्यांसमोर आणतो इतकेच.

म्हणून आयएसओ कमी ठेवून काळा आलेला फोटो नंतर संगणकावर उजळवण्यात काही शहाणपण नाही. फोटोबरोबर दाणेही उजळतात, आणि जुन्या कॅमेऱ्यांत तर ते आधीच आयएसओ वाढवून काढलेल्या फोटोपेक्षा जास्त दिसतात. आवश्यक तेवढा आयएसओ आधीच देऊन फोटो पुरेसा उजळ काढणे केव्हाही चांगले.

सेन्सरही पूर्वीचे राहिलेले नाहीत. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचे चित्र ०.०१ मेगापिक्सेलचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. २००७ मध्ये निकॉनचा डी३ आला आणि आयएसओ ६४०० वर वृत्तपत्रात छापण्याजोगे फोटो मिळू लागले. क्रीडा छायाचित्रकारांचे रात्रीचे काम त्याने बदलून टाकले. सोनीच्या २०१४ च्या अल्फा ७ एसमध्ये तर आयएसओचा आकडा ४,०९,६०० पर्यंत गेला. तिथला फोटो भिंतीवर लावण्याजोगा नसतो, हे वेगळे सांगायला नको. पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या कोणत्याही एसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्यात १६०० बिनधास्त आणि ३२०० ते ६४०० गरजेला वापरता येतो. दाणे दिसतात ते संगणकाच्या पडद्यावर फोटो पूर्ण मोठा केल्यावर. पोस्टकार्डाएवढ्या छापील प्रतीत किंवा फोनवर ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

दुसरे म्हणजे, दाणे कमी करणारी सॉफ्टवेअर आता खूप सुधारली आहेत. हललेला चेहरा मात्र अजून कोणालाही खात्रीने परत आणता आलेला नाही. निवड करायचीच झाली, तर दाणे पत्करावेत.

फोनचा फोटो कॅमेऱ्यापेक्षा चांगला कसा येतो?

पन्नास हजारांचा कॅमेरा घरात असताना भाच्याच्या फोनमधला फोटो जास्त चांगला निघतो, हा अनुभव अनेकांचा आहे आणि तो भ्रम नाही. आकडेच तसे आहेत. लहान एसएलआरचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा त्याचे क्षेत्रफळ सुमारे पाचपट. मग कॅमेरा पाचपट वरचढ हवा. पण फोनची लेन्स एफ १.८ च्या आसपास उघडी असते आणि कॅमेऱ्यासोबतची झूम केलेली लेन्स एफ ५.६ वर अडलेली. छिद्राच्या या फरकाने दर चौरस मिलिमीटरला साडेनऊ पट प्रकाशाचा घाटा होतो. वजाबाकी अशी, की समान वेळात फोन जवळपास दुप्पट प्रकाश गोळा करतो. परात मोठी, पण तिच्यावर झाकण अर्धवट उघडलेले, असा हा प्रकार.

त्यावर फोनचा नाइट मोड. २०१८ मध्ये गुगलने पिक्सेल फोनमध्ये आणलेल्या नाइट साइटपासून हे तंत्र घराघरांत पोहोचले. बटण एकदा दाबले, तरी फोन लागोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर नेमके बसवतो आणि सरासरी काढतो. नऊ फोटोंची सरासरी घेतली, तर दाणे तीनपट घटतात. देवळाचा कळस, रोषणाई केलेली इमारत, मखरातली मूर्ती यांसाठी हे झकास. पण माणसे हलत असतील, तर फोटो एकमेकांवर बसत नाहीत. मग फोन काही भाग टाकून देतो, काही ठिकाणी अंदाजाने पुसतो. चेहरे मेणाचे किंवा रंगवल्यासारखे दिसू लागतात ते त्यामुळे. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फोनने ‘स्वच्छ’ करून टाकाव्यात, असे सगळ्यांनाच वाटत नाही.

नेमके इथेच कॅमेऱ्याला काम आहे. हलत्या माणसांचा, कमी उजेडातला, खऱ्या कातडीचा फोटो. अट एकच, त्या परातीवरचे झाकण काढायला हवे.

मग लेन्स कोणती घ्यावी?

न झूम होणारी, एफ १.८ ची. कंपनी कोणतीही असो, ५० मिलिमीटर एफ १.८ ही तिच्या यादीतल्या सर्वात स्वस्त लेन्सपैकी एक असते. जुन्या बाजारात ती आणखी कमी पैशांत मिळते. एफ ५.६ च्या तुलनेत ती साडेनऊ पट प्रकाश आत घेते. वरच्या हिशेबातला १/३० सेकंद तिच्यामुळे १/३०० वर जातो. किंवा १/१०० च ठेवायचा असेल, तर त्याच खोलीत आयएसओ ५००-६०० पुरतो. ट्यूब मालवून उजेड चारपट घटला, तरी २५०० च्या आत भागते. नवा कॅमेरा घेऊन इतका फरक पडत नाही.

घेण्याआधी खोलीचा आकार मात्र पाहावा. लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरची चौकट अरुंद होते. १० बाय १० च्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तरी समोरच्या भिंतीचा दीड मीटरही आत येत नाही. एकट्या माणसाचा फोटो छान येईल, सगळ्या कुटुंबाचा नाही. मुंबई-पुण्यातल्या घरांसाठी ३५ मिलिमीटरची एफ १.८ जास्त सोयीची. तिच्यात तेवढ्याच अंतरावरून दोन मीटर रुंदी मावते. पूर्ण आकाराचा सेन्सर असेल, तर ५० मिलिमीटरही चालते.

मोठ्या छिद्राची किंमतही असते. ५० मिलिमीटर लेन्सने दोन मीटरवरून, एफ १.८ वर फोटो घेतला, तर जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. चेहऱ्यावर फोकस केला, तर हात लांब करून धरलेले निरांजन धूसर होणार आणि निरांजनावर केला तर डोळे धूसर होणार. एकाच माणसाच्या फोटोत हे देखणे दिसते. तीन-चार माणसे असतील, तर एफ २.८ पर्यंत छिद्र आवळावे, थोडे मागे सरावे आणि माणसांना शक्यतो कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येऊ द्यावे.

मोठ्या छिद्राचे वेड किती पुढे जाऊ शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सॅसन यांचा डिजिटल कॅमेरा तयार झाला त्याच १९७५ साली स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘बॅरी लिंडन’ प्रदर्शित झाला. मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्ये विजेच्या दिव्यांशिवाय चित्रित करण्यासाठी त्यांनी नासासाठी बनवलेली झाइसची ५० मिलिमीटर एफ ०.७ ची लेन्स मिळवली होती. तिचा फोकसपट्टा इतका पातळ, की नटांना जागचे फारसे हलण्याची मुभा नव्हती. घरच्या आरतीत तशी शिस्त कोणी पाळणार नाही.

फोकस लागतच नाही, तेव्हा?

अंधारात कॅमेरा ‘घरघर’ करत पुढेमागे होतो, कारण त्याला पकडायला उजेड-अंधाराची स्पष्ट कड सापडत नाही. गालावर किंवा साध्या साडीच्या पदरावर फोकस धरला, तर तो भटकणारच. चष्म्याची कड, नथ, टिकली, डोळ्यातली ज्योतीची चमक यावर मधला फोकस बिंदू ठेवावा. जुन्या एसएलआरमध्ये मधला बिंदू बाकीच्यांपेक्षा सहसा जास्त संवेदनशील असतो. नव्या मिररलेसमध्ये डोळा ओळखून फोकस करण्याची सोय बऱ्याच कमी उजेडातही चालते. ती असेल तर तिच्यावर सोपवावे.

फ्लॅश वापरूच नये का?

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून, सपाट आणि पांढरा उजेड टाकतो. निरांजनाचा सगळा मायेचा प्रकाश त्यात मरतो, मागे भिंतीवर काळी सावली पडते आणि चांदीचे मखर चमकून फुटते. शिवाय त्याची पोच फार कमी. एफ ५.६ आणि आयएसओ १०० वर तो जेमतेम दोन मीटर जातो. आयएसओ १६०० केला, तरी आठ-साडेआठ मीटर. मिरवणुकीत पन्नास-साठ फुटांवरच्या रथाकडे रोखून फ्लॅश उडवणाऱ्यांना त्यातून काहीही मिळत नाही. फक्त पुढच्या माणसाची टाळू उजळते.

वर जोडण्याचा, मान फिरणारा फ्लॅश असेल, तर गोष्ट वेगळी. त्याचे तोंड पांढऱ्या छताकडे केले, की परतणारा उजेड मऊ आणि पसरलेला असतो. कौलारू किंवा लाकडी छताच्या घरात हा उपाय चालत नाही. उजेड वरच हरवतो, आणि जो येतो तो छताचा रंग घेऊन येतो.

ज्योतीचा पिवळेपणा टिकवायचा कसा?

मखरातल्या एलईडी माळा चौकटीत आल्या, की कॅमेऱ्याला वाटते उजेड भरपूर आहे. तो एकूण फोटो काळा करतो आणि चेहरे अंधारात जातात. उलट काळोख्या पार्श्वभूमीवर प्रकाशात न्हालेली मूर्ती असेल, तर तो काळोख उजळायला जातो आणि मूर्ती पांढरी पडते. पहिल्या वेळी भरपाईचे बटण अधिक एककडे, दुसऱ्या वेळी उणे एककडे फिरवावे. ज्योत मात्र पांढरी होणारच. तिच्यासाठी चेहऱ्याचा बळी देऊ नये.

रंगाचा घोळ याहून किचकट. घरातली ट्यूब निळसर पांढरी, ६५०० केल्विनची. ज्योत १९०० केल्विनच्या आसपास, चांगली नारिंगी. दोन्ही एकत्र असताना अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा होतो, आणि कॅमेऱ्याचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स यापैकी कोणालाच न्याय देत नाही. सर्वात साधा उपाय छायाचित्रणाच्या बाहेरचा आहे. आरतीपुरती ट्यूब बंद करून दोन पिवळे बल्ब लावावेत. उजेडाची जात एक झाली, की निम्मे काम झाले. फोटो रॉ स्वरूपात साठवला, तर रंग नंतर हवा तसा बदलता येतो. जेपेगमध्ये तेवढी मोकळीक नसते.

रंग बदलणाऱ्या माळांचे काय? पूर्ण लाल किंवा पूर्ण निळा उजेड असताना सेन्सरच्या तीन रंगांपैकी एकच भरून वाहतो आणि चेहऱ्यावरचे बारकावे सपाट होतात. अशा वेळी दोन सेकंद थांबावे. माळ पुढच्या रंगावर जातेच.

आरतीतही थांबण्याचे क्षण असतात. टाळ्या-झांजांच्या गजरात सगळेच हलत असतात. मंत्रपुष्पांजलीला सगळे हातात फुले घेऊन स्थिर उभे राहतात. कमी उजेडातला उत्तम फोटो बहुतेकदा त्या दोन मिनिटांत मिळतो.

विसर्जन मिरवणुकीत काय बदलते?

जवळपास सगळेच. घरात उजेड कमी पण सारखा असतो. रस्त्यावर तो क्षणाक्षणाला बदलतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर एका मंडळाच्या रथाचा झगझगाट पुढे सरकला, की पुढचे मंडळ येईपर्यंत मधला पट्टा काळोखा. मुंबईत लालबागहून गिरगाव चौपाटीकडे निघालेली मिरवणूक एकाच रात्रीत सगळ्या तऱ्हेचे दिवे पाहते. अशा वेळी प्रत्येक फोटोला आयएसओ हाताने बदलत बसणे अशक्य. म्हणून शटर आणि छिद्र आपण ठरवावे, आयएसओ स्वयंचलित ठेवावा आणि त्याची कमाल मर्यादा ६४०० बांधून द्यावी.

ढोल-ताशाला १/१०० पुरत नाही. ताशाची काडी गोठवायची, तर १/५०० च्या आसपास शटर हवे आणि तेवढा उजेड क्वचितच असतो. यावर जुन्या छायाचित्रकारांची युक्ती अशी, की काडी वर जाऊन खाली वळण्याच्या क्षणी ती जवळजवळ थांबलेली असते. ताल ओळखून तो क्षण धरला, तर १/२०० लाही काम भागते. चेहरा स्पष्ट आणि हात थोडा पुसट आला, तर तोही दोष मानू नये. वादनाचा वेग त्यातूनच कळतो. उधळलेला गुलाल मागून उजेड आला तरच दिसतो, म्हणून दिवे आपल्या पाठीशी ठेवण्यापेक्षा समोर ठेवावेत.

सर्वात मोलाची वेळ सूर्यास्तानंतरची २०-२५ मिनिटे. आकाश गडद निळे असते, दिवे लागलेले असतात आणि दोघांचा उजेड जवळपास तुल्यबळ. रात्री नऊनंतर आकाश नुसते काळे, तेव्हा हेच दृश्य निम्मे होते. पाऊस नुकताच पडून गेला असेल, तर ओल्या डांबरावर दिवे दुप्पट होतात. कॅमेरा खाली, कमरेच्या उंचीवर आणला की ते दिसते. वातानुकूलित गाडीतून दमट रस्त्यावर उतरल्याबरोबर लेन्सवर बाष्प धरते. कॅमेरा बंद पिशवीतच दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावा, पुसत बसू नये.

एक धोका गंभीर आहे. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला, तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा डाग पडू शकतो, आणि तोच झोत डोळ्याच्या पडद्यालाही इजा करू शकतो. लेझर फिरत असेल त्या दिशेला कॅमेरा रोखूच नये. मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर सतत उघडा असल्याने त्याला हा धोका अधिक.

ट्रायपॉड कधी?

गर्दीत तो लोकांच्या पायात येतो, त्यामुळे मिरवणुकीत नकोच. रोषणाई केलेले देऊळ, घाटावरचे दिवे, गल्लीवरची कमान अशा न हलणाऱ्या गोष्टींसाठी त्याला पर्याय नाही. तिथे आयएसओ १००, एफ ८ आणि शटर गरजेप्रमाणे दोन ते दहा सेकंद. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. जुन्या लेन्सचे स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करावे, नाहीतर ते नसलेले कंपन शोधत स्वतःच हलते. ट्रायपॉड नसेल, तर कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला, तरी काम होते.

जागेवर कसे तपासावे?

रात्री कॅमेऱ्याचा मागचा पडदा फसवतो. आजूबाजूला अंधार असल्याने त्यावरचा फोटो आहे त्यापेक्षा उजळ आणि लहान असल्याने आहे त्यापेक्षा स्पष्ट वाटतो. पडद्याची प्रखरता कमी करावी, आलेख पाहण्याची सवय करावी आणि पहिल्या दोन-तीन फोटोंतले डोळे पूर्ण मोठे करून पाहावेत. आरती संपल्यावर कळून उपयोग नसतो. गणपती येण्याच्या आदल्या रात्री मखर उभे राहिले, की घरातल्या कोणालाही निरांजन घेऊन पाच मिनिटे उभे करावे आणि तेव्हाच शटर, छिद्र, आयएसओ यांचे आकडे ठरवून कागदावर लिहून ठेवावेत.